नववी काडी

मी भांडखोर आहे, हे आधीच सांगून टाकते. शाळेच्या ऑफिसात एकतीस वर्षं कारकुनी केली आणि शिपायापासून मुख्याध्यापकापर्यंत ज्याच्याशी भांडले नाही असा माणूस शोधावा लागेल. त्यामुळे गोल्फच्या मैदानावर मी एका सत्तरीच्या माणसाला भर उन्हात खिसे उलटे करायला लावले, याचं आमच्या गल्लीत कुणाला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते मी गोल्फ खेळते याचं.

पांढरकवड्यात गोल्फ कुठून आला, ते सांगायला हवं. हायवे सोडून दीड किलोमीटर आत गेलं की आमच्या सुभेदारसाहेबांची पाच एकर बरड जमीन आहे. नुसता मुरूम. तिथं कपाशीची पऱ्हाटी गुडघ्याच्या वर जात नाही. साहेबांची नोकरीतली शेवटची काही वर्षं कुठल्याशा छावणीतलं गोल्फचं मैदान सांभाळण्यात गेली. निवृत्त होऊन घरी आले ते एक ट्रंक आणि अफसरांनी टाकून दिलेल्या काठ्यांची दोन पोती घेऊन. गावाला वाटलं, बोअरचे मोडके पाइप आणले. साहेबांनी त्या बरडात सहा होल खणले. गवत जगणं शक्यच नव्हतं, म्हणून प्रत्येक होलभोवती वाळूत गाडीचं जळकं ऑइल कालवून, रोलर फिरवून, गोल सपाट जागा केली. तिला आम्ही खळं म्हणतो, कारण दिसतं ते खळ्यासारखंच.

मला शुगर निघाली आणि डॉक्टरांनी रोज तासभर चालायला सांगितलं, तेव्हा मी त्या बाजूला फिरायला जायला लागले. एक दिवस साहेब शेताच्या बांधावरून, धुऱ्यावरून म्हणाले, "बाई, नुसत्या काहून चालता? मारत मारत चाला ना. तितकंच चालणं होते अन् डोकं शांत राह्यते." चालणं झालं. डोक्याचं मी काही बोलत नाही.

आमचा संघ चौघांचा. एक सुभेदारसाहेब. दुसरा हायवेवर टायरचं दुकान असलेला भाऊ, वय पस्तीस, दंड ट्रकचा जॅक फिरवून तयार झालेले. तो बॉल इतका लांब मारतो की सापडला तर आमचा, नाहीतर शेजारच्या तुरीचा. तिसरे तांड्यावरचे काका. पाच-सहा एकरांचे शेतकरी, उंच, सडसडीत, बोलणं कमी. त्यांच्या आज्याच्या पिढीपर्यंत घरात पाठीवर माल लादून गावोगाव नेणारे बैल होते, असं ते सांगतात. चालण्यात त्यांना अजून कुणी गाठू शकत नाही. आणि चौथी मी. माझा बॉल लांब जात नाही. पण सरळ जातो. माझ्या स्वभावासारखा नाही, असं भाऊ म्हणतो.

वणीच्या बाजूला एका कॉलनीत नऊ होलचं गवताचं मैदान आहे. तिथली मंडळी फेब्रुवारीत, कापूस घरात आला आणि तुरी निघाल्या की, मैत्रीची स्पर्धा ठेवतात. संघ चौघांचे. खेळायची पद्धत अशी, की चौघंही मारतात. ज्याचा बॉल सगळ्यांत चांगल्या जागी पडला तो निवडायचा, बाकी तिघांनी आपापले उचलायचे आणि चौघांनीही त्याच जागेवरून पुढचा फटका मारायचा. असं होलात जाईपर्यंत. ज्यांचे फटके कमी ते जिंकले. सोपं आहे. पण मग एक तगडा गडी घेऊन बाकी तिघे नुसते चहा प्यायला आणता येतील, म्हणून एक अट असते. होलच्या पहिल्या फटक्याला प्रत्येकाचा बॉल नऊपैकी निदान दोन वेळा तरी घ्यावाच लागतो. चौघांचे दोन-दोन म्हणजे आठ. उरला एक.

हा हिशेब डोक्यात गोंधळ करतो म्हणून साहेबांनी काड्यांची रीत काढली. आदल्या दिवशी ते पऱ्हाटीच्या बोटभर लांबीच्या नऊ काड्या कापतात. दोन काड्यांना पांढरा दोरा, त्या त्यांच्या. दोन लाल, भाऊच्या. दोन हिरव्या, काकांच्या. दोन निळ्या, माझ्या. नववीला दोरा नाही. ती साहेबांच्या टोपीत. पहिल्या फटक्याला ज्याचा बॉल निवडला जाईल त्यानं बॉलशेजारी आपली काडी खोचायची आणि पुढे जाताना काढून खिशात ठेवायची. ती त्याची झाली. दोऱ्याच्या आठ काड्या नियमाच्या. बिनदोऱ्याची नववी खऱ्या गुणाची, ज्याचा बॉल सरस त्याची.

माझ्या दोन काड्यांचं साहेब पहिल्या वर्षापासून एकच गणित मांडत आले. तिसरा आणि पाचवा होल आखूड आहेत. तिथं माझा बॉल घेतला तरी नुकसान नाही. "बाईचे तिसऱ्यावर अन् पाचव्यावर उरकून टाकू," असं ते माझ्यासमोर म्हणायचे. फौजी माणूस, लपवाछपवी नाही. मीही हसून म्हणायची, "उरका, उरका. आपण कोट्यातलं माणूस."

हसून म्हणायची, पण ते हसू मला कुठून यायचं ते सांगते. माझे मालक शाळेत कारकून होते. ते गेले तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते आणि मुलगा पहिलीत. त्यांच्या जागेवर मला घेतलं. सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहिलेलं आहे, 'अनुकंपा तत्त्वावर नियुक्ती.' टायपिंगची परीक्षा मी लग्नाआधीच पास झालेली होते, पण ते कुणी विचारलं नाही. एकतीस वर्षांत शाळेच्या कुठल्याही कागदात माझी चूक निघाली नाही, आणि निरोपाच्या दिवशी ज्यांनी भाषण केलं त्यांनी सुरुवात केली ती, "बाई अनुकंपावर लागल्या, तरीसुद्धा..." अशी. त्या 'तरीसुद्धा'नं माझं जेवण गेलं. निवृत्तीनंतर कुठं काही मिळालं तर ते दयेचं नसावं, एवढीच माझी इच्छा होती. मग ती पऱ्हाटीची काडी का असेना.

आणि ती मिळाली होती. दोन वर्षांपूर्वी नवव्या होलवर भाऊचा बॉल तलावात गेला, साहेबांचा बाभळीत, आणि काका पुढं जाऊन पाहून आले अन् म्हणाले, "माहा बी पाण्यातच गेला वाटते, जी." त्या वर्षी आयोजकांनी सगळ्यांना एकेक पिवळा बॉल दिला होता. काकांचा गेला म्हणून मी माझ्या थैलीतला पांढरा त्यांना दिला. माझा बॉल रस्त्यासारख्या स्वच्छ गवतात पडलेला. साहेबांनी टोपीतून नववी काडी काढली आणि म्हणाले, "बाई, ही तुमची." आम्ही तिसरे आलो, प्रत्येकाला स्टीलचा डबा मिळाला. मला डब्याचं काही नव्हतं. मी गल्लीत पेढे वाटले. "माझा बॉल निवडला," सांगत होते आणि शेजारीण विचारत होती, किती रन झाले. ती काडी मी टेबलावर पेनांच्या डब्यात ठेवली. लाइटबिल भरायला पेन काढताना रोज हाताला लागायची.

यंदा स्पर्धेच्या आठवडाभर आधी मी तांड्यावर गेले. काकांच्या मालकीण, आमच्या काकी, कवड्या लावून जुन्या पद्धतीची थैली शिवतात, आणि मला एक हवी होती. काका शेतात होते. काकींनी सुईदोऱ्याची पिशवी माझ्यासमोर उपडी केली. कवड्या, आरसे, रंगीत दोरे, आणि त्यांच्यात एक पिवळा बॉल.

मी तो उचलला. काका आपल्या बॉलवर खूण म्हणून पेनानं कवडी काढतात. कवडी होती.

"हा कुठून आला?" मी विचारलं.

"यांच्या कोटात निघाला. तुमचा खेळ झाला त्याच दिवशी, कोट धुवाले काढला तवा. मले म्हणे, कोणाले दाखवू नको." एवढं बोलून काकींच्या लक्षात आलं, की मी 'कोणाले'मध्ये येत असणार. त्या घाईनं चहा मांडायला उठल्या.

मी चहा घेतला. काय बोलले आठवत नाही. भिंतीकडे पाहून काकी म्हणाल्या, त्या साली दुसऱ्या नंबरले घड्याळ होतं म्हणे, भिंतीवरचं, थोडक्यानं गेलं. तेव्हा मला सगळं उलगडलं. बॉल पाण्यात गेला नव्हता. माझ्या बॉलच्या पुढं पडला होता. काकांनी तो खिशात घातला आणि मला काडी दिली. संघाचा नंबर गेला, काकींचं घड्याळ गेलं, आणि मी गल्लीत पेढे वाटत फिरले.

म्हणजे तीही अनुकंपाच.

इतका राग मला मालक गेल्यावर नातेवाइकांच्या कुजबुजीचाही आला नव्हता. घरी येऊन डब्यातली काडी काढली. चूल असती तर चुलीत घातली असती. गॅसवर काडी काय जाळायची? पर्समध्ये टाकली. ठरवलं, स्पर्धेच्या दिवशी सगळ्यांसमोर काकांच्या पुढ्यात मोडायची आणि मैदानातून निघून यायचं. परतीची एसटी किती वाजता आहे तेही विचारून ठेवलं.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी भाऊच्या जीपनं निघालो. काका तांड्याच्या फाट्यावर चढले, हातात भाकरी-ठेच्याचं गाठोडं. मी पुढच्या सीटवर, मान वळवली नाही.

"बाईची तब्येत बरी नाई काय?" काकांनी हळूच साहेबांना विचारलं.

"तब्येतीले काही झालं नाई," मीच उत्तर दिलं. "मानसं बरी नाईत."

भाऊनं आरशातून मागं पाहिलं आणि गाण्याचा आवाज वाढवला.

पहिल्या होलवर काडी मोडायची, असं ठरलं होतं. पण साहेब काड्या वाटत होते, प्रत्येकाच्या तळहातावर मोजून, गोळ्या वाटाव्या तशा गंभीरपणे. काका आपल्या दोन हिरव्या काड्या डोळ्यांजवळ नेऊन पाहत होते. मला वाटलं, यांचा दिवस कशाला घालवू? संपल्यावर मोडीन. आणि खरं सांगायचं तर मला खेळायचं होतं. वर्षभर बरडात घाम गाळला होता तो काय एसटीत बसण्यासाठी?

पहिला फटका नेहमी माझा. हे साहेबांचं दुसरं गणित. "आधी बाई. एक बॉल घरात राह्यला पाह्यजे," असं ते म्हणतात. माझा बॉल सरळ मधोमध पडला, की बाकीच्यांना जिवावर उदार होऊन मारता येतं. भाऊचा पन्नास वेळा वाकडा गेला तरी एकदा असा जातो, की बाकीचे संघ चहा खाली ठेवतात. म्हणजे निवड कुणाचीही होवो, पाया माझा. हे गणित मला मान्य होतं. त्या दिवशी प्रत्येक फटक्यात माझा राग उतरत होता आणि बॉल नेहमीपेक्षा वीस पावलं पुढं जात होता. साहेबांनी दुसऱ्या होलवर टोपी मागं सरकवून माझ्याकडे पाहिलं. "बाई, आज कोनासंग भांडून आल्या?"

"अजून भांडली नाई," मी म्हटलं. "भांडणार आहे."

तिसऱ्यावर आणि पाचव्यावर ठरल्याप्रमाणे माझ्या निळ्या काड्या उरकल्या. भाऊच्या दोन्ही लाल पहिल्या आणि चौथ्यावर गेल्या. सहा होल झाले तेव्हा साहेबांची एक पांढरी, काकांची एक हिरवी आणि टोपीतली नववी, अशा तीन काड्या शिल्लक होत्या. मधल्या काळात आम्ही गवतावर नेहमीची चूक केलीच. आमचा हात खळ्यावरच्या वाळूचा. वाळूत बॉल अडतो, त्यामुळे शेवटचा छोटा फटकाही आम्ही जोर लावून मारतो. तिथल्या कातरलेल्या गवतावर तो होलावरून उडी मारून पलीकडे जातो. दरवर्षी जीपमध्ये साहेब बजावतात, "हळू. वाळू नाई थे." आणि दरवर्षी पहिल्यांदा ते स्वतःच जोरात मारतात.

सातव्यावर भाऊचा तो पन्नासातला एक फटका लागला. बॉल सगळ्यांच्या डोक्यावरून कुठच्या कुठं गेला. साहेबांचाही बरा होता, पण खूप मागं.

भाऊ नाचायच्या बेतात. "साहेब, माहाच घ्या! टोपीतली काडी काढा. याच्यापेक्षा सरस अजून काय पाह्यजे?"

त्याचं खरं होतं. काडी त्याचीच होती. मला ती हवी होती, पण मी मागितली नाही. मागितलं तर पुन्हा दयाच झाली असती. साहेबांनी टोपीला हात घातला. तेवढ्यात काका म्हणाले, "साहेब, तुमचाच घ्या जी. पांढरी काडी इथंच जाऊ द्या. नववा होल तलावाचा आहे. थितं नेम कोनाचा लागन सांगता येते काय? मोकळी काडी थितंच कामी पडन. आता काढली तर नवव्यावर माहा नाई तर तुमचा बॉल घ्याच लागन, मंग तो पाण्यात असो का बाभळीत."

साहेबांनी विचार केला आणि हात टोपीवरून काढला. डावपेच म्हणून काकांचं बोलणं बिनचूक होतं. पण मला वाटलं, हे माझ्यासाठीच चाललंय. पुन्हा मला नवव्यावर काडी द्यायचा बेत आहे यांचा. पर्समधली काडी मी मुठीत धरून पाहिली.

सातव्यावर साहेबांची पांढरी गेली, आठव्यावर काकांची हिरवी. नवव्याला आलो तेव्हा दोऱ्याच्या आठही काड्या संपलेल्या. फळ्यावर आमच्या पुढं एकच संघ, त्यांचा खेळ आटोपलेला. चार फटक्यांत होल केला तर आम्ही पहिले, पाचात केला तर दुसरे, सहा लागले तर तिसरे. भाऊनं ते दोनदा मोठ्यानं वाचलं.

नववा होल डावीकडे तलाव ठेवून वळतो. मध्ये एक उंचवटा आहे. त्याच्या पलीकडे बॉल पडला की इकडून दिसत नाही. मी पहिली. श्वास सोडला आणि मारला. हाताला काहीच जाणवलं नाही. चांगला बसला की असंच होतं. बॉल उंचवट्याच्या माथ्यावरून सरळ पलीकडे उतरला. इतका लांब मी आजवर मारला नव्हता.

"वा बाई!" भाऊ ओरडला आणि त्याच आनंदात त्यानं स्वतःचा तलावात घातला. साहेबांचा बाभळीत. दोन वर्षांपूर्वीचंच सगळं पुन्हा. शेवटी काका. त्यांचा बॉलही माझ्यासारखाच उंचवट्याच्या माथ्यावरून पलीकडे गेला. माझ्या पुढं की मागं, ते इकडून कळणं शक्य नव्हतं.

आम्ही निघालो. काकांची चाल तुम्हाला सांगितलीच आहे. आम्ही अर्ध्यात असताना ते उंचवट्यावर पोचले होते. मी जवळजवळ धावत सुटले. माथ्यावर आले तर खाली माझा बॉल गवतात स्वच्छ दिसतोय, आणि त्याच्या पुढं तीस-चाळीस पावलांवर काका वाकलेत. हात पायाशी. उठले. दोन पावलं गेले आणि पुन्हा वाकले.

"काका! जागचे हलू नका!"

माझा आवाज शाळेच्या मैदानावर प्रार्थनेच्या रांगा सरळ करायचा. काका तसेच थिजले. तलावापलीकडच्या संघानंही खेळ थांबवला. मी खाली उतरून त्यांच्यासमोर उभी राहिले.

"खिसे दाखवा."

"बाई?"

"खिसे दाखवा, काका. दोन्ही."

साहेब आणि भाऊ धापा टाकत पोचले, आणि कुणाला काही कळेना. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी नेहरू शर्टाचे दोन्ही खिसे बाहेर ओढले. चुन्याची डबी. तंबाखूची पुडी. रुमाल. हिरव्या दोऱ्याच्या दोन काड्या. बाकी काही नाही. पायजम्याच्या पायाला कुसळं चिकटली होती आणि त्यातली चार-सहा त्यांच्या बोटात होती. ती उपटायलाच ते वाकले होते.

मी तरी मागं हटले नाही. "पिवळा बॉल मी पाह्यला," म्हटलं. "काकीच्या पिशवीत. त्या साली पाण्यात गेला म्हणून सांगतलं होतं तुम्ही."

काकांनी मान खाली घातली. साहेबांना तेवढ्यात कळलं असावं, कारण त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"दहा पावलं पुढं होता तुमच्या," काका म्हणाले. "खोटं केलं मी. तुम्ही दर काडीले म्हनत होत्या, मी कोट्यातली, मी कोट्यातली. हसत होत्या, पन मले ते आयकवत नव्हतं. म्हनून घातला खिशात. पन मंग तुम्ही पेढे घेऊन आल्या तांड्यावर. थो पेढा काई मह्या घशाखाली उतरला नाई, बाई. तवाच ठरवलं, पुन्हा असं कराचं नाई. यंदा माहा बॉल कुठं पडला मलेच माहीत नाई. देवाशपथ."

"खिसे आत घाला," मी म्हटलं.

"भेटला! भेटला!" भाऊ मागून ओरडला. तो केव्हा परत चढावर गेला ते आम्हाला कळलंच नव्हतं. उताराच्या सुरुवातीला, एका दगडाच्या आडोशाला, कवडीची खूण असलेला काकांचा बॉल होता. धावत येताना मी त्याच्या शेजारूनच गेले असणार.

साहेबांनी टोपी डोक्यावर घातली. काकांच्या बॉलपासून माझ्या बॉलपर्यंत ते चालत आले, परेडसारखी मोजून पावलं टाकत, आणि प्रत्येक पाऊल मोठ्यानं म्हणत. आम्ही तिघं ऐकत उभे. माझ्या बॉलपाशी त्यांनी टाच जुळवली.

"अकरा," ते म्हणाले. "बाईचा अकरा पावलं पुढं."

टोपीतून नववी काडी काढून त्यांनी माझ्यापुढं धरली. ती मी बॉलशेजारी जमिनीत खोचली. काका खाली बसून माझ्या बॉलभोवतीची कुसळं बाजूला करत होते.

त्या जागेवरून पुढचा फटका काकांचा चांगला बसला, मग साहेबांनी होलाभोवतीच्या कातरलेल्या गवतापर्यंत आणला. चौथ्या फटक्यात होल करायचा तर चौघांपैकी एकाला दहा-बारा फुटांवरून बॉल आत घालायचा होता. चौघांनीही जोरात मारला. चौघांचेही पलीकडे गेले. वाळू नाही ते. साहेब स्वतःवरच चिडून हसले. पाचव्यात काकांनी अलगद ढकलला आणि आम्ही दुसरे आलो.

दुसऱ्या नंबरला यंदाही भिंतीवरचं घड्याळ होतं. कॉलनीवाल्यांकडे घड्याळांचा साठा असावा. प्रत्येकाला एक. काकांनी खोका तिथंच उघडला, सेल घालून काटे चालतात का ते पाहिलं आणि परतीच्या जीपमध्ये ते मांडीवर उभं धरून बसले. मी या वेळी मागच्या सीटवर, त्यांच्या शेजारी. मारेगाव मागं पडलं. भाऊ पुढं साहेबांना सातव्या होलवरचा आपला फटका तिसऱ्यांदा सांगत होता.

मी पर्स उघडली. आत दोन बिनदोऱ्याच्या काड्या होत्या. आजची अजून हिरवट होती. जुनी वाळून तपकिरी झालेली, माझ्याच बोटांनी गुळगुळीत झालेली. ती मोडायला आणली होती. मी ती काढून काकांपुढं धरली.

"ही तुमची आहे," म्हटलं. "दहा पावलं पुढं होता तुमचा."

त्यांनी घड्याळ एका हातात घेतलं आणि दुसऱ्या हातानं काडी घेतली. उलटसुलट पाहिली. मला वाटलं होतं, ते नको म्हणतील. राहू द्या म्हणतील, असू द्या म्हणतील. तसं म्हणाले असते तर मी पुन्हा भांडले असते.

"दोन वर्सं लावले तुम्ही द्याले," ते म्हणाले.

मी खिडकीकडे तोंड केलं, कारण मला रडू आलं होतं आणि भाऊ आरशात पाहत होता. काकांनी काडी कानामागे खोचली आणि तांड्याचा फाटा येईपर्यंत ती तिथंच होती.